शिंपल्याचं पोट

कुंताबाई चहा न घेता निघाली, तिथून सगळं सुरू झालं. रुपाची ही आत्या डोळे तपासायला सानगडीहून भंडाऱ्याला आली होती, दोन दिवस राहणार होती, आणि चहा सोडून उठणारी बाई ती नव्हेच. मयतीला गेली तरी आधी चुलीकडे कोण आहे ते बघायची. पण त्या सकाळी रुपा कप घेऊन मागच्या खोलीशी गेली तर आत्याबाई पिशवी भरून, पदर नाकाला लावून बाहेरच्या पायरीवर बसलेली. रात्री तिला रुपाच्या लेकीच्या, खुशबूच्या खोलीत झोपवलं होतं, कारण घरात एसी तेवढाच, आणि एप्रिलचे शेवटचे दिवस असे की भिंतीला टेकायची सोय नाही. "का झालं व आत्याबाई?" रुपाने विचारलं. कुंताबाईने आधी मागे वळून बघितलं. खुशबू आत पालथी झोपली होती. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "रुपा, ये खोलीत काई तरी मेलं हाये. रातभर डोकं फुटून राहिलं माहं. तुमाले वास येत नाई का?" रुपा हसली, उंदीर असेल म्हणाली, आणि खोलीत जाऊन श्वास घेतला. वास नव्हता. उंदराचा नव्हता, पोरीच्या डोक्यातल्या खोबरेल तेलाचा नव्हता, आणि हातातल्या कपात चांगलं बोटभर आलं ठेचून घातलं होतं, त्याचाही नव्हता. करोनात नाक गेलं ते गेलंच, असं ती चार वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. सांगून सांगून तिलाही ते पटलं होतं.

आत्याबाईच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा पितळी गडवा उचलून ती मोरीकडे निघाली आणि मधेच थांबली. हे घर पितळेच्या व्यापाऱ्याचं. पाहुण्याच्या उशाशी घासलेला गडवा ठेवायचा, आणि घासायचा तो चिंचेच्या कोळाने, तोंड दिसेल इतका, ही इथली जुनी रीत. पाहुणा पाणी विसरतो पण गडवा विसरत नाही, असं सासरे कृष्णराव म्हणायचे, आणि त्यात भक्ती कमी, धंदा जास्त होता. काल संध्याकाळी तिने तो स्वतः घासला होता. आता त्याच्यावर तपकिरी साय धरली होती, गळ्याशी तर काळपटच. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या भांड्याला असा रंग येतो. रुपाने अंगठा फिरवला, अंगठा स्वच्छ राहिला. मळ नव्हता तो. धातूच बदलला होता. हे ती पूर्वी कुठे तरी बघून बसली होती, आणि ते कुठे हे आठवायला तिला फार वेळ लागला नाही; वेळ लागला तो आठवू द्यायला.

रुपा भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गांडूळ, झुरळ, बेडूक, परीक्षा, पुन्हा गांडूळ. पण लग्नाआधी ती गोव्यातल्या एका संस्थेत संशोधनाला होती, आणि तिथे तिच्या ताब्यात शिंपले होते. समुद्रकाठचे, मुलं वेचतात ते नव्हेत. हिंदी महासागराच्या मधोमध, कोसभर खाली, जिथे उजेड कधीच पोचलेला नाही तिथे तळाला भेगा आहेत, आणि त्यांतून गंधकाचं कढत पाणी वर येतं. माणूस दोन श्वासांत आडवा होईल असं ते विष. त्या भेगांच्या कडेला हे तळहाताएवढे शिंपले एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसलेले असतात, आणि ते खात काही नाहीत. त्यांच्या कल्ल्यांत जिवाणू असतात, एकेका शिंपल्यात कोट्यवधी. जिवाणू ते विष घेतात, त्यावर अन्न शिजवतात, आणि त्या अन्नावर शिंपला पोसला जातो. शिंपल्याला पोट असतं, पण नावापुरतं, दोऱ्यासारखं. पहिल्यांदा तिने शिंपला चिरून ते पोट बघितलं तेव्हा तिला हसू आलं होतं. पुस्तकात याला सहजीवन म्हणतात. लग्नाच्या पत्रिकेवरही तोच शब्द छापतात, असं त्या वेळी कोणी तरी म्हणालं होतं, आणि सगळे पुन्हा हसले होते.

जहाजाने वर आणलेल्या शिंपल्यांना प्रयोगशाळेत थंड अंधारी टाकी होती आणि टाकीत थेंबथेंब विष सोडावं लागे. त्याचा वास सडक्या अंड्याचा. पहिल्या आठवड्यात रुपाला जेवण जाईना. तिच्या हातातली चांदीची अंगठी काळी पडली, दारातल्या पितळी कड्या काळ्या पडल्या. तिच्या मार्गदर्शक बाई होत्या, मितभाषी, त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: वास येतोय तोवर घाबरू नका, वास थांबला की पळा. हा वायू आधी नाकाला मारतो आणि मग सावकाश माणसाकडे वळतो. रुपाला ते इतकं आवडलं होतं की तिने घरी फोन करून कुंताबाईला सांगितलं. आत्याबाई म्हणाली होती, "बाई, असली नौकरी कायले करते?" ती नोकरी पुढे सुटली. स्थळ चालून आलं, वडील थकले होते, आणि आंदणाची भांडी ज्या दुकानातून घेतली त्याच दुकानाच्या घरी ती लग्न होऊन आली. गुंड, पराती, कोपर सगळं जिथून निघालं तिथेच परत. त्यावर नवरा, वीरेंद्र, अजून विनोद करतो. माणूस वाईट नाही. पितळेसारखाच आहे, घासला की चमकतो.

नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला या घराच्या मागच्या अंगणात वास आला होता. हे तिला आज, हातात काळा गडवा धरून मोरीशी उभं असताना, लख्ख आठवलं. आठवड्याच्या आतच तिने सासूला विचारलं होतं. गोदावरीबाई तांदूळ पाखडत होती. तिने सूप न थांबवता म्हटलं होतं, "कोनता वास? आमाले तं नाई येत. होते सवय." आणि सवय झाली. मागे जुनी विहीर होती. घरात नळ आला तशी विहीर निकामी ठरली, आणि निकामी वस्तू टाकून देणं व्यापाऱ्याला जमत नाही, म्हणून कृष्णरावांनी संडासाची आणि मोरीची वाट तिच्यात सोडली, वर स्लॅब टाकला आणि विषय संपवला. पुढे गोदावरीबाईचे गुडघे गेले तेव्हा त्या स्लॅबवरच खोली उठवली, संडासाला लागून, म्हाताऱ्या माणसाला बरं. दोन वर्षं ती त्या खोलीत झोपली. दिवसाही झोपायची. जेवण सुटलं होतं, डोकं दुखतं म्हणायची, आणि एका पहाटे उठलीच नाही. झोपेत गेली, पुण्यवान होती, असं सगळी बाजारओळ बोलली. रुपाही बोलली होती.

गेल्या दिवाळीत ती खोली खुशबूला मिळाली. पोरगी बारावीला, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी, तिला शांतता हवी. वीरेंद्रने हौसेने रंग दिला, एसी बसवला, थंडी बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी विटांनी बुजवून टाकली. बापाने लेकीसाठी जे करायचं ते सगळं केलं. होळीनंतर खुशबू झोपाळू झाली. पुस्तकावर मान टाकून झोपायची, डोळे चुरचुरतात म्हणायची, आणि जेवायला बसली की पोळीचा एक तुकडा फिरवत राहायची. डॉक्टरांनी अभ्यासाचा ताण सांगितला, शक्तीच्या गोळ्या दिल्या. वर्गात रुपा पोरांना शिकवत होती की शिंपल्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा कोरं असतं. त्याच्यात एकही जिवाणू नसतो, पोट धडधाकट असतं, ते आपलं आपण खातं. मग ते त्या भेगेशी येऊन बसतं, आजूबाजूच्या पाण्यातून जिवाणू त्याच्यात शिरतात, आणि पोट आक्रसायला लागतं. हे अभ्यासक्रमात नाही, पण बेडकाला कंटाळून ती दरवर्षी सांगते. सांगून घरी यायची आणि पोळीचा तुकडा फिरवणाऱ्या पोरीसमोर बसायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

आत्याबाईला गाडीत बसवून आल्यावर तिने खुशबूला उठवलं. "तुले खोलीत वास येत होता का कधी?" खुशबूने डोळे न उघडता विचार केला. "पहिले येत होता. दिवाळीत. मी बाबाले सांगतलं होतं, ते म्हणे रंगाचा हाये, जाईन." "आणि आता?" "आता नाई येत. आता बरं वाटते." आणि कूस बदलली. रुपाला भीती वाटली, साधी भीती, लहान मूल विहिरीच्या काठावर बसलेलं दिसावं तशी. तिने पोरीचा हात धरून तिला बाहेरच्या खोलीत आणलं, तिथे चटई टाकली, पंखा लावला. खुशबू जेमतेम दुपारपर्यंत टिकली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. पोरगी घामाघूम, पांढरी पडली, "मले इथे गरगरते आई, आतच बरं होतं," म्हणाली, आणि रुपा भाकरी उलटवत होती तेवढ्यात उशी घेऊन परत आत गेली. दार लागल्याचा आवाज आला. गोव्याच्या टाकीत विष बंद केलं की शिंपल्यांचे तपकिरी कल्ले हळूहळू फिके पडायचे. आधी शिंपला आपल्यातलेच जिवाणू पचवून टाकायचा, ज्यांनी पोसलं त्यांनाच, आणि मग नुसता उघडझाप करत बसायचा. उपाशी मरायचा, स्वच्छ पाण्यात. रुपाने तवा उतरवला. ही उपमा इथे लावू नये हे तिला कळत होतं. पोरगी शिंपला नव्हे, बाहेर पंचेचाळीस अंश होतं म्हणून ती आत गेली. पण कळणं वेगळं आणि मन वेगळं, आणि मन त्या टाकीच्या काठाशीच उभं राहिलं.

तिने मग पोरांना प्रयोग शिकवतात तसा प्रयोग केला. दोन गडवे घेतले, दोन्ही घासले, एक बाहेरच्या खोलीत ठेवला, एक खुशबूच्या टेबलावर. दोन दिवसांनी वीरेंद्र दुकानातून आला तेव्हा तिने दोन्ही त्याच्यापुढे ठेवले. एकात तिचं तोंड दिसत होतं. वीरेंद्रने काळा उचलला, उजेडाकडे धरला, नखाने टिचकी मारून नाद ऐकला. त्याच्या तोंडावर काळजी आली, पण ती धंद्याची.

"माल हलका हाये. जस्त जास्त घातलं त्यानं. मी म्हनतच होतो, कारागीर बदलवा लागते."

"दोनी एकाच खेपेचे हायेत," रुपा म्हणाली.

"मंग तुहा हात कमी पडला असल याच्यावर."

"विहिरीतला वायू हाये तो. पितळ काळं करते, चांदी काळी करते. माही जोडवी पाहा. आन् तो पोरीच्या छातीत जाऊन राहिला."

वीरेंद्रने जोडव्यांकडे बघितलं नाही. "जोडवी अंगातल्या उष्णतेनं काळी पडतात. आई सांगे."

"आईचं नका सांगू तुमी."

"काहून?"

रुपाने मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. न बोलता ते दोघांमध्ये येऊन बसलं. वीरेंद्रचा चेहरा पडला, मग ताठ झाला. "झोपेत गेली आई. कोनाले हाल नाई, दवाखाना नाई. तू आता त्याच्यातई खोट काढशील?" मग त्याने आवाज खाली आणला, कारण आत खुशबू होती. "परीक्षा या रविवारी हाये. वर्सभर पोरीनं मान मोडली. आता तिची खोली हलवू, स्लॅब फोडू, गावभर घान करू? परीक्षा झाली का दुसऱ्या दिवशी फोडतो. मानूस उतरवतो, साफ करतो. बस?"

"कसा उतरवाल मानूस?"

"जसा उतरवतात तसा. झाकन काढून ठेवाचं, वास जाऊ द्याचा. वास गेला का उतराचं."

रुपाला वाटलं, सांगावं, गोव्याच्या त्या बाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगावं. तिने सांगितलंही. वीरेंद्रने ऐकून घेतलं, जसं गिऱ्हाईक भाव पाडतं तेव्हा ऐकून घेतो तसं, आणि म्हणाला, "अवं, वास नाई तं मंग का राहिलं तिथं?" सगळ्यांचं असंच असतं. दिसेना म्हणजे नाही, येईना म्हणजे गेला. पालथ्या घड्यावर पाणी ओतून तीही थकली आणि उठून भात लावायला गेली. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं असताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागलेली नाही. आज नाही, काल नाही. कधी लागली होती? वाजले की ती जेवते, इतरांचं झालं की जेवते, उरलं की जेवते. पोटातून आतून वर येणारी ती जुनी हाव, गोव्यात रात्रीचा प्रयोग संपवून दोन-दोन ताटं खायची ती, कुठे आक्रसत गेली हे तिला सांगता आलं नसतं. या घराने तिला उपाशी ठेवलं नव्हतं, उलट पोसलंच होतं. तिला पहिल्यांदाच त्या शब्दाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून दुपारी परत आली तेव्हा दुकानाच्या वेळेला वीरेंद्र घरी होता. चपला न काढता ती मागच्या खोलीत गेली. सकाळी तिने पुन्हा घासून टेबलावर ठेवलेला गडवा चमकत होता. सोन्यासारखा, गळ्यापासून बुडापर्यंत, कुठे डाग नाही. तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे नव्हता वायू, आपणच बाऊ केला, म्हणजे पोरगी ठीक आहे. ती खुर्चीवर बसलीच. तेव्हा मागून वीरेंद्र आत आला, खूश होता. "पाहा. तुह्या मनातली शंका काढून टाकली. लॅकर मारलं दोन हात. आता वर्सभर काळा नाई पडनार." त्याने ते प्रेमाने केलं होतं. दुकान नोकरावर सोडून, स्वतःच्या हाताने, बायकोला रात्रभर झोप येत नाही म्हणून. रुपाने हात पुढे केला तसा तो म्हणाला, "जपून, ओलंच हाये अजून. वास नाई येत का लॅकरचा? माहे तं डोळे झोंबून राहिले."

तिने गडवा नाकाशी नेला. बोटांना वरचा पातळ चिकट थर लागला. वास नव्हता. थेंबभर नव्हता. तिने गडवा तसाच पलंगाकडे नेला, खुशबूला उठवून बसवलं आणि तिच्या नाकाखाली धरला. "येते का वास?" खुशबूने नाक लावलं, आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. चुकीचं उत्तर दिलं तर काय होईल याचा अंदाज घेत असल्यासारखी ती थोडी थांबली.

"कायचा?" ती म्हणाली.

वीरेंद्र हसला. "नाटक करते." मग हसू ओठांवरच राहिलं. त्याने गडवा हिसकून घेऊन स्वतः हुंगला, डोळे मिटून मागे झाला, पुन्हा पोरीच्या नाकाशी नेला. "खरंच नाई येत? थोडाई नाई?" खुशबूने मान हलवली. एसी घरघरत होता. गडव्यात तिघांची तोंडं दिसत होती, फुगलेली, पिवळी. वीरेंद्र पलंगाच्या कडेवर बसला आणि खाली फरशीकडे बघायला लागला, जिच्याखाली स्लॅब होता आणि स्लॅबखाली ते. मग म्हणाला, "परीक्षा." पण ते त्याने विचारल्यासारखं म्हटलं. "आत्याबाईकडून, सानगडीवरून देईन ती परीक्षा," रुपा म्हणाली आणि कपाटातून पोरीचे कपडे काढायला लागली. त्याने अडवलं नाही. पुस्तकांची थैली त्यानेच बांधली, गाठ दोनदा सुटली.

सानगडीसाठी साकोलीकडे जाणाऱ्या लाल गाडीत खिडकीची जागा मिळाली. खुशबू अर्धी झोपेत, डोकं काचेला आपटत होतं, ओठ कोरडे. एकदा म्हणाली, "आई, परत जाऊ ना." रुपाने तिचं मनगट धरून ठेवलं होतं. मनगट ओढत नव्हतं, पण तिला ते ओढल्यासारखं वाटत होतं, घराच्या दिशेने. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता, धुळीचा, कुठे जळलेल्या धसकटांचा असेल, तिला काय कळणार. वीरेंद्रचा फोन आला. उद्या माणूस बोलावतो, म्हणाला, परीक्षेची वाट नाही पाहत, झाकण काढून ठेवतो. त्याच्या आवाजात पश्चात्ताप होता, त्याचंच तिला भय वाटलं. पश्चात्ताप झालेला माणूस घाई करतो. "मी येतपर्यंत कोनी उतरू नका. तुमी तं मुळीच नाई," ती म्हणाली. तो हो म्हणाला. पण वास गेला की तो वाकून बघणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे सकाळच्या पहिल्या गाडीने तिला परत जायचं होतं, त्या उघड्या तोंडाशी उभं राहायचं होतं, आणि वास येतो की थांबला हे सांगायला तिच्यापाशी नाक नव्हतं. आणखी एक गोष्ट होती, ती तिने वीरेंद्रला सांगितली नसती. परत जायचं म्हटल्यावर तिला बरं वाटलं होतं.

लाखनी मागे पडली. गाडी रिकामी झाली. खुशबू सरळ बसली, डोळे चोळले, बाहेर बघितलं. मग म्हणाली, "आई, काई खायले हाये का?"

रुपाला वाटलं, चुकून ऐकलं. "का म्हनते?"

"भूक लागली."

रुपाने पिशवी मांडीवर ओढली. पिशवीतून डबा काढला, पोळी आणि कैरीचा तक्कू होता. खुशबूने घास घेतला, दुसरा घेतला, तोंड भरून खायला लागली, लहानपणी खायची तशी, बोटं चाटत. रुपाला रडू आलं. तिने पोरीच्या तोंडाला लागलेलं पदराने पुसायला हात नेला तशी खुशबू झटकन मागे सरली.

"आई, कायचा वास येते तुह्या पदराले?"

रुपाचा हात तसाच राहिला. "कसा?"

"सडल्या अंड्याचा." खुशबूने स्वतःची बाही हुंगली. "माह्यातूनई येते. पण तुह्यातून लय. तुले नाई येत?"

"येते," रुपा म्हणाली. "धुवून टाकू गेल्यावर."

खुशबूने ओढणी नाकाला लावली, डबा घेऊन खिडकीला चिकटून बसली आणि वाऱ्याकडे तोंड करून खाऊ लागली. रुपा बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. मधे एक माणूस मावेल एवढी जागा झाली. तिने पदर नाकाशी नेला, लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला. कंडक्टरने साकोलीची घंटी दिली.